कॉटला दुसरा मजला

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कॉट आहे. मला पलंग म्हणू नका. पलंगाच्या उशाशी नक्षी असते, त्याच्या पोटात गाद्या ठेवायला कप्पे असतात आणि लग्नाच्या खरेदीत त्याचं नाव पहिलं येतं. माझं नाव येतं ते फक्त विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदात. 'कॉट बेसिसवर जागा मिळेल. फक्त महिलांसाठी. दुपारी चौकशी करू नये.' कसबा पेठेतून कधी चालत गेला असाल, तर असला कागद तुम्ही पाहिला असेल आणि पुढे गेला असाल, कारण तुम्हाला घर आहे. ज्यांना नाही ते थांबतात आणि नंबर उतरवून घेतात.

कॉट बेसिस म्हणजे काय, ते आधी सांगते. यात खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. कॉटवरची जागा तुमची, कॉटखाली पत्र्याची पेटी सरकवायची जागा तुमची आणि भिंतीतला एक खिळा तुमचा. न्हाणीघर, नळ आणि खिडकीतून येणारा वारा सगळ्यांचा. हे ऐकून काही लोक चुकचुकतात. मला त्यांचा राग येतो. एवढ्याशा जागेवर पाय रोवून माणसं या महागड्या शहरात ताठ उभी राहिलेली मी पाहिली आहेत, आणि त्यात माझा वाटा आहे असं मी उघड म्हणते.

माझा जन्मही कसबा पेठेतलाच. सीताराम नावाच्या कारागिराचं तिथे वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणायचं एवढंच, शटर वर गेलं की अर्धं काम रस्त्यावर येतं. सीताराम तेव्हा तरुण होते. त्यांनी पाइप कापले, चार पाय जोडले, आडव्या पट्ट्या टाकल्या, आणि ठिणग्या उडत असताना येणाजाणाऱ्यांना "बघू नका, डोळे जातील" म्हणून दटावलं. शेवटी मला रस्त्यावर आपटून पाहिलं. मी हलले नाही. "ही मोडायची नाही," ते माझ्या मालकांना म्हणाले, "मोडलीच तर मला बोलवा. पण बोलवायची वेळ येणार नाही."

माझे पहिले मालक दिगंबरराव. सरकारी कचेरीत कारकून होते. गल्लीतल्या आपल्या लहानशा घरावर त्यांनी एक खोली चढवली होती आणि ती परगावच्या विद्यार्थ्यांना द्यायचं ठरवलं होतं. खोलीत दोनच कॉट मावत होत्या. एक मी, दुसरी माझी जुळी बहीण. ती खिडकीखाली गेली, मी दाराजवळ. खिडकीखालच्या कॉटला भाडं थोडं जास्त पडतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

माझ्यावर पहिल्यांदा राहायला आला तो राजस. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. दिवसभर मांडी घालून माझ्यावर बसायचा आणि मोठमोठ्याने पाठ करायचा, त्यामुळे राज्यघटनेतली बरीच कलमं मलाही येतात. पास झाला तेव्हा त्याने माझ्या उशाकडच्या दांडीला डोकं टेकवलं आणि माझ्यावर एक पेढा ठेवला. दिगंबररावांच्या पत्नी मुक्ताबाई दारातून म्हणाल्या, "कॉट पेढा खाते का? मुंग्या होतील. उचला तो." पेढा उचलला गेला, पण माझी मान ताठ झाली ती झालीच. पुढे कित्येक वर्षं 'नशीब काढणारी कॉट' म्हणून माझं नाव होतं. मुलं खिडकीखालची जागा सोडून मला मागायची. माझी बहीण तेव्हा माझ्याशी कुरकुरायची.

मग दिवस पालटले. विद्यार्थ्यांना गारेगार अभ्यासिका हव्याशा झाल्या. दिगंबरराव वारले. पाठोपाठ ती मोठी साथ आली, खोली ओस पडली आणि मला गच्चीवर उलटी करून ठेवलं. पाय वर, पाठ खाली. कबुतरांनी माझ्या पट्ट्यांमध्ये काटक्या आणून टाकल्या, कोपऱ्यांना गंज चढला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. ज्या वस्तूने कुणाला उभं केलं, तिला उलटी करून ठेवू नये. पण मुक्ताबाई एकट्या पडल्या होत्या, त्यांना तरी माझी आठवण कुठून राहणार?

आठवण झाली ती निवृत्तिवेतन पुरेना तेव्हा. आता दारात विद्यार्थी येत नव्हते, बायका येत होत्या. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या, ऑफिसं झाडणाऱ्या. पेठेत दवाखाने हाकेवर, मंडई पायाखाली आणि मनपाचा बसथांबा चालत जाण्यासारखा, म्हणून त्यांना इथेच जागा हवी होती. मुक्ताबाईंनी मला खाली आणलं, पॉलिश पेपरने घासलं आणि दाराला लावून उरलेला हिरवा रंग मला फासला. रंग काही मला विचारून निवडला नव्हता, पण त्याबद्दल मी आजवर बोलले नाही.

खिडकीखालची कॉट घेतली कुसुमने. भोरकडची, पिकल्या केसांची, अगदी कमी बोलणारी बाई. सकाळ-संध्याकाळ एका मेसमध्ये पोळ्या करायची आणि मधल्या वेळात पाठ टेकायची. कुणी काही सांगितलं तर ते तिच्यापुढे जायचं नाही. तिच्या या गुणाने पुढे काय घोटाळा केला, ते सांगतेच.

माझ्याकडे आली आम्रपाली. करमाळ्याकडची. जवळच्याच एका दवाखान्यात रात्रपाळीला आया होती. आधी ती उरुळीच्या बाजूला राहायची. ड्यूटी सुटल्यावर घरी पोचायला उशीर व्हायचा, पडल्या पडल्या पुन्हा निघायची वेळ व्हायची. माझ्यावरून दवाखाना चालत गाठता येत होता. पण अख्ख्या कॉटचं भाडं तिच्या पगारात बसेना. तेव्हा मुक्ताबाईंनीच तोड काढली.

"अहो, तुम्ही रात्री इथे नसताच," त्या म्हणाल्या. "मग रात्रीचं भाडं कशाला भरता? दिवसाची कॉट तुमची. रात्रीची दुसरी कुणी बघते."

ती दुसरी म्हणजे रुकसाना. फलटणची. नवरा वारल्यावर एकटीच पुण्यात आली होती आणि खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या इमारतीत साफसफाईचं काम करत होती. तिने आधी तिकडेच जागा शोधली होती. "तिथं माझ्या पगारात गाडी लावायची जागा मिळते," ती कुसुमला सांगायची, "माणूस ठेवायची नाही." जिथे भाडं परवडेल असं वाटायचं, तिथे हिने नाव सांगितलं की खोली नुकतीच भरलेली असायची. मुक्ताबाईंनीही नाव विचारलं. रुकसानाने सांगितलं आणि सवयीने पिशवी उचलली.

"पिशवी का उचलता?" मुक्ताबाई म्हणाल्या. "पाय धुऊन वर येत जाल का, एवढं सांगा. चादर आपापली, उशी आपापली. आणि एका वेळी एका कॉटवर एकच माणूस. दोघी दिसल्या की दोघी बाहेर. ही धर्मशाळा नाही."

तर मित्रांनो, अशा रीतीने मी दोघींची झाले. सकाळी अंधार असतानाच रुकसाना उठायची, आपली चादर घडी करून पेटीत ठेवायची आणि बस गाठायला निघायची. ती गेली की थोड्या वेळाने आम्रपाली यायची, आपली चादर पसरायची आणि गाढ झोपायची. संध्याकाळी ही जायची, ती यायची. रोजचं येणं-जाणं चुकामुकीचं. दोघींचा पाठीला पाठ लावून संसार चालला होता आणि मधली पाठ माझी होती.

तरी त्यांचं एकमेकींवाचून अडायचं. नळाला पाणी दुपारीच यायचं. आम्रपाली झोपमोड करून उठायची आणि आपल्याबरोबर रुकसानाचीही बादली भरून ठेवायची. रुकसाना निघताना थर्मासमध्ये चहा करून ठेवायची, आलं जास्त घातलेला, कारण आम्रपालीला तसा आवडतो हे तिला कुसुमकडून कळलं होतं. हिवाळ्यात एकदा आम्रपालीची चादर विरली, तर रुकसानाने तिच्या घडीवर आपली जुनी गोधडी ठेवून दिली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. मानायला समोरासमोर यावं लागतं.

आता खरी गोष्ट सुरू होते. एका सकाळी आम्रपाली आली ती न झोपताच माझ्यावर बसून राहिली. चेहरा उजळला होता.

"मावशी, दिवसपाळी भेटली," तिने कुसुमला सांगितलं. "एक तारखेपासनं. डॉक्टरीणबाई कवाच्या सांगत होत्या, रात्रीची झोप घ्या, न्हाईतर बीपी काय खाली यायचं न्हाय. दोन वर्सं मागत होते मी. आता रातच्याला झोपायचं, माणसासारखं..."

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर भिंतीतल्या खिळ्यावर गेली होती. तिथे रुकसानाची ओढणी होती.

हे मुक्ताबाईंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी दाराशी आल्या, तेव्हा रुकसाना नुकतीच आली होती आणि आम्रपाली निघायच्या बेतात होती. "म्हणजे आता दोघींनाही रात्रच हवी," त्या म्हणाल्या. "कॉट एक आहे. कोण राहणार, ते एक तारखेच्या आत आपसात ठरवा. मी ठरवलं तर वाईटपणा माझ्याकडे येईल, आणि तो माझ्याकडे आधीच भरपूर आहे."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. काय पणाला लागलं होतं, ते मला नीट ठाऊक होतं, कारण जागेसाठीचे सगळे फोन माझ्यावर बसूनच होत. आम्रपाली उरुळीला परत गेली, तर सकाळच्या पाळीला वेळेवर पोचणं तिला जमणार नव्हतं आणि कंत्राटदार तिला काढणार होता. रुकसानाला तर दुसरं दार उघडलंच नव्हतं, तिला फलटण गाठावं लागलं असतं. जी मला सोडून जाईल, तिची नोकरी जाणार होती आणि तिच्यासाठी पुणं संपणार होतं.

"मी बघते काहीतरी," आम्रपाली म्हणाली.

"तुम्ही नका बघू, मी बघते," रुकसाना म्हणाली. बससारखी पाळीही कुणासाठी थांबत नाही, म्हणून बोलणं तिथेच राहिलं.

पुढच्या दिवसांत दोघींनी काय केलं, ते मी सांगते. रुकसाना एका संध्याकाळी कुसुमजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "कुसुममावशी, मी सुपरवायझरकडून रात्रपाळी मागून घेतलीये. एक तारखेपासून. आमच्याकडे रात्रीला कुणी तयार नसतं, लगेच हो म्हणाला. ताईंना रात्री झोपू द्या, बीपीचं दुखणं वाईट. पण त्यांना सांगू नका हां. ऐकलं तर मला करू द्यायच्या नाहीत. एक तारखेला कळेलच." कुसुमने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्रपाली त्याच जागी बसली. "मावशी, मी दिवसपाळी सोडली. एका पोरीशी बदली केली, मी रातच्यालाच बरी. त्या रुकसानाला कुठं कोण दारात उभं करतंय? मला काय, झोपते मी दिवसा. पण तुमाला माझी आण हाय, तिला बोलू नका. लई मानी हाय ती." कुसुमने पुन्हा मान डोलावली.

मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. खूप कुरकुरले मी, पण कुसुमला वाटलं बोल्ट सैल झालाय. तिने दोन्ही शब्द पाळले. शब्द पाळणारं माणूस किती अवघड असतं, ते तेव्हा मला कळलं.

एक तारखेला रुकसाना 'आज सुट्टी आहे' म्हणून सकाळी घरीच राहिली आणि दुपारी बाहेर पडली. आम्रपाली शेवटची रात्रपाळी करून झोपलीय आणि उद्यापासून दिवसा जाईल असं समजून, तिला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन गेली. थोड्या वेळाने नळाला पाणी आलं तशी आम्रपाली उठली, रुकसानाची बादली भरली आणि संध्याकाळी नेहमीसारखी दवाखान्यात गेली. दिवे लागले, कुसुम मेसमधून आली, जेवली, आणि माझ्याकडे बघत बसली. माझ्यावर कुणीच नव्हतं. एका कॉटसाठी जीव टाकणाऱ्या दोन बायका शहराच्या दोन टोकांना जागत होत्या आणि कॉट रिकामी पडली होती. "काय गं बाई केलं मी हे," कुसुम स्वतःशीच म्हणाली. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

सकाळी आधी रुकसाना आली. रात्रपाळीवाल्यांना परत यायची बस लवकर मिळाली नव्हती, डोळे लाल झाले होते. आम्रपाली एव्हाना दिवसपाळीला गेली असेल, अशा समजुतीने ती माझ्यावर बसली. तेवढ्यात दारात आम्रपाली उभी.

"तू? कामावं न्हाई गेलीस?"

"मी आत्ता आले कामावरून. तुम्ही? तुमची दिवसपाळी होती ना?"

"मी बी आत्ताच येतेय."

दोघींनी कुसुमकडे पाहिलं. कुसुमने भिंतीकडे पाहिलं. "मला बोलू नका म्हणाला होतात," ती म्हणाली. "दोघीही."

मग भांडण झालं. तू झोप, नाही तुम्ही झोपा, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं! दोघी चिडल्या होत्या, पण भांडायला अंगात त्राण असावं लागतं. आम्रपाली तणतणत माझ्या एका टोकाला बसली, रुकसाना दुसऱ्या टोकाला. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. बघते तर दोघी आडव्या झालेल्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी, आणि दोघींना झोप लागलेली.

माझ्यावर एका वेळी दोन माणसं कधी झोपली नव्हती. मी दम धरला. फार धरला. पण गच्चीवर गंजलेला माझा दाराकडचा पाय आधीच आतून खंगला होता. रुकसानाने कूस वळवली आणि तो पाय मुडपला. धाडकन आवाज झाला, दोघी घसरून जमिनीवर आल्या आणि खालून मुक्ताबाई जिना चढून आल्या.

एका कॉटवर दोघी, आणि कॉट मोडलेली. मुक्ताबाईंचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. दोघी उठून उभ्या राहिल्या. रुकसानाने पेटीकडे पाहिलं. आम्रपालीने पदर खोचला. बाहेर काढायचं असेल तर आधी ऐकून घ्या, असा तो पदर होता. कुसुमने या वेळी मात्र तोंड उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. इतकं बोलताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

मुक्ताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "इतका मूर्खपणा," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या पेठेत बऱ्याच वर्षांत झाला नव्हता." मग खिडकीशी जाऊन त्यांनी खाली हाक मारली, "अहो, सीतारामांना कुणीतरी बोलवा. म्हणावं, तुमची न मोडणारी कॉट मोडली."

सीताराम आले. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर जाड भिंगं होती, पण हात तेच. मला ओळखलं त्यांनी. मोडका पाय चाचपला आणि म्हणाले, "मोडणार नाही म्हणालो होतो खरं. पण एका माणसासाठी म्हणालो होतो."

"सीतारामभाऊ," रुकसाना एकदम म्हणाली, "पाय नवा लावणारच आहात, तर चारही पाय लांब लावता येतील का? वरपर्यंत? आमच्या ऑफिसात ड्रायव्हर लोकांच्या खोलीत तशा कॉट आहेत. खाली एक, वर एक."

सीतारामांनी खिशातून टेप काढला, मुक्ताबाईंकडे पाहिलं, आणि त्या नको म्हणाल्या नाहीत हे बघून छतापर्यंत माप घेतलं. "होईल," ते म्हणाले. "चारही पाय जाड पाइपाचे घालू. वरच्या माणसाला ताठ बसता येणार नाही मात्र. मान वाकवावी लागेल."

"टेबलांखालचा कचरा काढते मी," रुकसाना म्हणाली. "वाकायला शिकवू नका."

मुक्ताबाईंनी हात वर केला. "थांबा. एका वेळी एका कॉटवर एकच माणूस, हा नियम आहे."

"मग मोडला कुठं?" आम्रपाली म्हणाली. "खालच्या कॉटवं मी एकटी, वरच्या कॉटवं ती एकटी."

"मग भाडंही दोन कॉटचं."

"आवो बाई, पाय तर चारच हायेत! तुमची जमीन काय इंचभर जास्ती अडली का? वर नुसती हवा हाय."

"पुण्यात हवाच विकतात," मुक्ताबाई म्हणाल्या. "कोपऱ्यावर मजल्यांवर मजले चढतायत, ते काय जमिनीवर आहेत?"

आम्रपाली हटली नाही. तिच्या आवाजात विनवणी नव्हती, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. ती म्हणाली, "अख्खं आमाला झेपत न्हाई. अर्ध्यात तुमचं भागत न्हाई. पाऊण घ्या. दोघींचं पाऊण-पाऊण मिळून तुमाला आधीपेक्षा जास्तच होतंय, आन आमी बी ऱ्हातो. घासायचं, रंगवायचं आमी करतो. आमाला घालवून दुसरी आणाल, तर ती काय तुमची टाकी न उपसता दुपारचं नळाचं पानी भरून ठेवंल का?"

मुक्ताबाई सीतारामांकडे वळल्या. "सीताराम," त्या म्हणाल्या, "लोखंडाचे मी देते. आणि शिडी मजबूत करा. पडल्या तर पुन्हा माझ्याच जिन्यावरून खाली न्यावं लागेल."

मला खांद्यावर घालून दुकानात नेलं. तोच रस्ता, त्याच ठिणग्या. पाय नवे आले, पाठ जुनी राहिली, वर एक नवीन पाठ आली आणि बाजूला शिडी लागली. दोघींनी सुट्टीच्या दिवशी मला घासून रंग दिला. या वेळी रंग निळा होता आणि तो त्यांनी निवडला होता. पुण्यात हल्ली ज्याला त्याला पुनर्विकास हवा असतो. माझाही झाला, आणि तो कुणालाही घराबाहेर न काढता झाला. असं सांगता येणाऱ्या इमारती पेठेत किती आहेत, ते तुम्हीच विचारून या.

आम्रपालीला दिवसपाळी परत मिळाली, कारण बदलीवाल्या पोरीला रात्रच सोयीची होती. रुकसानाला मात्र महिनाभर रात्री काढाव्या लागल्या. रात्रपाळी मागायला गेलं की लगेच मिळते, सोडायला गेलं की सुपरवायझर फोन उचलत नाही. ती रोज त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. शेवटी तिचं तोंड चुकवता येईना म्हणून त्याने दिवसपाळी दिली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोघींना एकदम सुट्टी मिळाली. दुपारी जेवणं झाली, एक खाली पडली, एक वर पडली. थोड्या वेळाने वरून आवाज आला.

"ताई, अहो ताई! तुम्ही घोरता."

"मी? न्हाय बाई. दोन वर्सं झोपते हिच्यावर, आजवर कुणी बोललं न्हाई."

"बोलायला मी इथे होते कुठे?"

दोघी इतक्या हसल्या की मी हलायला लागले. खालून मुक्ताबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मग दोघी तोंडावर उशी धरून हसल्या. माझ्या आयुष्यातला आनंदाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी पेढ्याचा दिवस सांगणार नाही, हा सांगेन.

इथे माझी गोष्ट संपवता आली असती. पण गेल्या आठवड्यात दारात एक मुलगी आली. नाव सुरय्या. मंडईजवळच्या एका मेडिकलच्या दुकानात कामाला लागली आहे, आणि काम टिकायचं तर जवळ राहायला हवं. खांबावरचा जुना कागद वाचून आली होती. मुक्ताबाई म्हणाल्या, "जागा नाही हो." त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. सुरय्याने आत डोकावून मला पाहिलं. खाली एक अंथरूण, वर एक अंथरूण. मग तिने वर पाहिलं, आणि तिच्यामागोमाग कुसुमने, रुकसानाने, आम्रपालीनेही वर पाहिलं. वर छत होतं. माझ्या बहिणीवर मजला चढवला तर खोलीतली एकुलती खिडकी झाकली जाते, असं सीताराम आधीच सांगून गेले होते. सुरय्याने पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली. ती कुठे गेली, मला माहीत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याशी हे बोलायचं ठरवलं. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी इमारतींचे नकाशे काढेल, कुणी ते मंजूर करेल, कुणी नगरसेवक होईल. तुमचं ऑफिस सकाळी झाडलेलं असेल, दवाखान्यात तुमच्या आजीला कुणीतरी उठवून बसवेल, मेसमध्ये गरम पोळी ताटात पडेल. हे करणारी माणसं संध्याकाळी कुठे जातात, ते नकाशा काढायच्या आधी विचारा, आणि गाड्यांच्या जागेआधी त्यांची जागा आखा. दया म्हणून आखू नका. ती माणसं भाडं भरतात, आणि भरतील.

माझ्याकडून होतं तेवढं मी केलं. लोखंडाला वाढता येतं तेवढी मी वाढले. तिसरा मजला माझ्यावर चढत नाही, तो तुम्हाला बांधायचा आहे. तोवर मी इथे उभी आहे. वर्षातून एकदा माझे बोल्ट आवळा, गंज दिसला की घासा, आणि सुरय्या पुन्हा कुठे भेटली तर तिला सांगा, कसबा पेठेतल्या निळ्या कॉटला तिची जागा अजून द्यायची आहे.